मेणाचा हात, मेणाचा पाय... आणि मन?

वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला कधी गेला असाल तर मेणाची ती दुकानं तुम्ही पाहिली असतीलच. सप्टेंबरात आठवडाभर ही जत्रा भरते. टेकडी चढताना दोन्ही बाजूंना स्टॉल, आणि मेणबत्त्यांच्या शेजारी मेणाचे अवयव मांडलेले. पाय दुखतोय? मेणाचा पाय घ्या. हात मोडलाय? हात घ्या. मूल हवंय, घर हवंय, परदेशी जायचंय... बाळ, घर, विमान, सगळं तयार. ते घ्यायचं, माउलीपुढे ठेवायचं आणि मनातलं मागायचं. हे फक्त आम्ही ख्रिश्चनच करतो असंही नाही. माझ्या ऑफिसातली निम्मी टीम जाऊन येते, आणि त्यातले बहुतेक हिंदू.

आता समजा, एखाद्याचा पाय ठीक आहे, हात ठीक आहे, घर आहे, नोकरी आहे आणि तरी त्याला सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही. तीन-तीन महिने वाटत नाही. त्याने कुठला आकार विकत घ्यायचा?

प्रश्न जरा आगाऊ आहे, पण गंमत म्हणून विचारत नाहीये. आजचा विषय डिप्रेशन आणि चर्च. माझं म्हणणं असं की शरीराच्या आजारात आमचा समाज प्रार्थना आणि डॉक्टर दोन्ही एकाच वेळी, काहीही गोंधळ न होता सांभाळतो. मनाचा आजार आला की मात्र अचानक दोनांतलं एक निवडायला लावतो. आणि ही निवड ना आमच्या धर्मग्रंथात सापडते, ना आमच्या इतिहासात.

आधी माझ्याबद्दल थोडक्यात, म्हणजे हा कोण टिकोजीराव असं वाटायला नको. मी मरोळच्या गावठाणातला, ईस्ट इंडियन. म्हणजे नावं पोर्तुगीज, स्वयंपाकात बॉटल मसाला आणि घरातली भाषा मराठी. बी.ई. कॉम्प्युटर, नोकरी सीप्झमध्ये. २०२२च्या पावसाळ्यात मी प्रॉडक्शन सपोर्टच्या रात्रपाळीत होतो. आधी झोप गेली. मग भूक गेली. मग रविवारच्या मटणाची चव गेली (आमच्या घरात ही गंभीर बाब समजली जाते). पहाटे साडेतीनला जाग यायची आणि छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. मी दुःखी होतो असं नाही. दुःखाला काहीतरी कारण असतं. इथे कारणच सापडत नव्हतं. सगळे सर्व्हर चालू, लॉगमध्ये एकही एरर नाही, आणि तरी सिस्टिम हँग.

मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी शांतपणे नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि एक गोष्ट तीनदा बजावली: या गोळ्या क्रोसिनसारख्या तासाभरात काम करत नाहीत, परिणाम जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. एकूण चौदा महिने घेतल्या. आज मी ठीक आहे. परत होऊ शकतं हेही माहीत आहे. दमेकरी माणूस पावसाळ्याकडे जसा बघतो तसा मी त्याच्याकडे बघतो.

त्या चौदा महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळालेलं वाक्य कुठलं असेल? "प्रार्थना कमी पडतेय रे बाबा." हे म्हणणारी माणसं वाईट नव्हती हो. त्यांनी माझ्यासाठी जपमाळा केल्या, नोव्हेना केल्या. पण वाक्य तेच. जवळच्याच एका प्रार्थनागटातल्या काकांनी तर पुढची पायरी गाठली: "येशू बरा करतो ना, मग गोळ्या कशाला? म्हणजे तुझा त्याच्यावर विश्वास नाही." काकांना स्वतःला डायबेटीस. इन्सुलिन घेतात. मी त्यांना हे बोललो नाही, मोठ्या माणसाला काय उलट बोलायचं. पण घरी येऊन गोळी घेतली.

माझा बोरिवलीचा एक मित्र मात्र एवढा निबर नव्हता. (त्याला विचारूनच हे लिहितोय.) त्याची दोन वर्षांची ट्रीटमेंट चालू होती, चांगला सावरला होता. लेंट म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस. राखेच्या बुधवारी सुरू होतात आणि त्या काळात आम्ही काहीतरी सोडतो. कुणी मटण सोडतं, कुणी दारू, कुणी फेसबुक. याने गोळ्या सोडल्या. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की गोळी ही कुबडी आहे, देवावर भार टाकून बघ. सुरुवातीला चक्कर, मग रात्र रात्र जागरण, आणि चौथ्या आठवड्यात तो अशा अवस्थेत गेला की त्याच्या बायकोने ऑफिस सोडून घरी बसून त्याला डोळ्यांसमोर ठेवला. ईस्टरच्या दिवशी तो हॉस्पिटलमध्ये होता. वाचला, आता बरा आहे, गोळ्या चालू आहेत. पण डॉक्टरला न विचारता औषध एकदम तोडणं हा किती धोक्याचा खेळ आहे हे मी त्या वर्षी जवळून पाहिलं.

म्हणून हे सगळं लिहिणं. हा नुसता तात्त्विक वाद नाही, यात माणसं जातात.

आता इतिहासाकडे येतो, कारण तो माझ्या ऑफिसच्या आवारातच आहे. अक्षरशः. सीप्झ १९७३ साली सुरू झालं, हिऱ्यांचे आणि सॉफ्टवेअरचे गाळे उभे राहिले. पण त्या कुंपणाच्या आत एक चर्च आहे. छप्पर नाही, भिंतींवर झाडं उगवलेली. सेंट जॉन द बाप्टिस्टचं चर्च, पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेलं. अडीचशेहून जास्त वर्षं गाव तिथे प्रार्थनेला जात होतं. मग १८४०च्या सुमाराला गावात साथ आली आणि लोकांनी ती जागा सोडली. मरोळला आले, तिथे नवं चर्च झालं. दरवर्षी मे महिन्यात एका रविवारी त्या पडक्या भिंतींमध्ये मिस्सा करायची प्रथा आमच्या लोकांनी जपली आहे.

जरा विचार करा. साथ आली तेव्हा गाव त्या चर्चमध्ये दार लावून बसलं नाही. "आम्ही हललो तर आमची श्रद्धा कमी" असं म्हटलं नाही. उठले, जागा बदलली, जीव वाचवला आणि नव्या जागी पुन्हा घंटा वाजवली. त्यांना आज कुणी कमी श्रद्धेचे म्हणतं का? आम्ही त्यांचेच पणतू-खापरपणतू, म्हणून तर आहोत.

दुसरं उदाहरण. वांद्र्यात, गिरगावात, अंधेरीच्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस दिसतात. यातले कितीतरी १८९६च्या प्लेगच्या वेळचे आहेत. माणसं पटापट मरत होती, लोकांनी क्रूस उभारले, संध्याकाळी तिथे जमून प्रार्थना म्हणू लागले. आता त्याच प्लेगची दुसरी बाजू. मुंबईत हा आजार प्लेगच आहे हे मांडवीत रुग्ण तपासताना पहिल्यांदा ओळखलं ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. गोव्याचे. कॅथलिक. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले, आणि धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. म्हणजे एकाच शहरात, त्याच काही महिन्यांत, क्रूसही उभे राहिले, निदानही झालं आणि लसही आली. लस टोचून घेतलेल्याने क्रूसापुढे मेणबत्ती लावू नये असा नियम आमच्यात नव्हता. आजही नाही. कोविडची लस घ्यायला आमचे फादर आणि सिस्टर्स तुमच्या-आमच्यासारखेच रांगेत उभे होते.

मग सेरोटोनिनच्या गोळीचं काय घोडं मारलंय?

मला वाटतं, कारण सोपं आहे. प्लेगची गाठ दिसते, साखरेचा आकडा रिपोर्टमध्ये येतो. डिप्रेशन मात्र नेमक्या त्याच जागी येतं जिथे आपण श्रद्धा ठेवलेली असते. आशा, इच्छा, प्रेम वाटणं, प्रार्थनेत मन लागणं, या सगळ्यावरच तो हल्ला करतो. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की याची श्रद्धाच आटली. आणि खरी अडचण म्हणजे आतल्या माणसालाही तसंच वाटतं. एक आजार, वर पापाची भावना मोफत.

यावर बायबल काय म्हणतं? माझं काही धर्मशास्त्राचं शिक्षण नाही, पण लहानपणी कॅटेकिझमच्या वर्गात ऐकलेली एक गोष्ट मी आजारी असताना परत वाचली आणि चाट पडलो. पहिल्या राजांच्या पुस्तकातला १९वा अध्याय. एलीया संदेष्टा. नुकताच कर्मेल डोंगरावर त्याने आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय मिळवलाय. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्यात मोठा रिलीज यशस्वी झालाय. आणि दुसऱ्याच दिवशी राणीची धमकी येते आणि हा माणूस पार कोसळतो. रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला सरळ सांगतो की आता मला मरू दे, बास झालं.

तिथे देवाने काय करायला हवं होतं, आमच्या काकांच्या मते? व्याख्यान द्यायला हवं होतं. "कालच एवढा चमत्कार दाखवला आणि आज हे?" असं सुनवायला हवं होतं. प्रत्यक्षात एक देवदूत येतो, त्याला हात लावून उठवतो. समोर निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खा, म्हणतो. एलीया खातो आणि परत झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो! मग दुसऱ्यांदा उठवतो, परत खायला घालतो, कारण पुढचा रस्ता याला झेपणारा नाही हे त्याला कळलेलं असतं. उपदेश शून्य. झोप, अन्न, पाणी, स्पर्श, परत झोप. देवाशी बोलणं होतं ते चाळीस दिवसांनंतर. आणि त्या बोलण्यातही त्याला पुढचं काम मिळतं, अलीशा नावाचा जोडीदार मिळतो आणि तू एकटा उरलेला नाहीस ही बातमी मिळते.

मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की अरे, हा तर माझ्या डॉक्टरचा कागद आहे! झोप दुरुस्त करा, वेळेवर जेवा, औषध घ्या, घाई करू नका, एकटे राहू नका. फक्त देवदूताची फी तेवढी माफ.

आता एक वेगळा धोकाही सांगतो, कारण तो जास्त सुशिक्षित लोकांत आढळतो. २००७ मध्ये मदर तेरेसांची पत्रं पुस्तकरूपाने आली. त्यातून कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं, १९९७ मध्ये मृत्यू होईपर्यंत, त्यांना आतून देवाचं अस्तित्व जाणवत नव्हतं. नुसता अंधार. मध्ये थोडेच दिवस काय तो उजेड. १६व्या शतकातल्या स्पेनच्या संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी अशा अवस्थेला आत्म्याची काळी रात्र म्हटलं होतं. हे वाचून कुणी म्हणतं, "बघ, संतांनाही होतं, तुझंही तेच आहे, सहन कर." ऐकायला किती छान! पण फरक बघा ना. मदर तेरेसा त्या अंधारात पहाटे उठत होत्या, प्रार्थना करत होत्या, देशोदेशी केंद्रं काढत होत्या. मला दात घासायला उठता येत नव्हतं. आतला कोरडेपणा असला तरी माणूस चालतो-फिरतो, काम करतो, दुसऱ्यावर माया करतो. डिप्रेशन झोप, भूक, हालचाल, निर्णय घेण्याची ताकद, सगळंच खाली ओढतं. कोणाला काय झालंय हे ठरवायला डॉक्टर लागतो. दोन्ही एकत्रही असू शकतात. पण रुग्णाला "तू संत होतोयस" म्हणून घरी बसवणं, हे "तू पापी आहेस" म्हणून बसवण्याइतकंच घातक आहे.

इथपर्यंत वाचून माझे ऑफिसातले नास्तिक मित्र खूश झाले असतील. "आम्ही सांगत होतोच, सोड हे सगळं." थांबा राव, तुमचंही येतंय.

चर्चने मला काय दिलं ते सांगतो. गोळ्यांनी मला उभं केलं, पण दर रविवारी साडेआठला कुठेतरी जायचंच आहे ही सवय चर्चची होती. तिथे कुणी माझ्याशी हुशारीचं बोलायची गरज नव्हती. मी मागच्या बाकावर बसायचो, उठ म्हटलं की उठायचो, बस म्हटलं की बसायचो. प्रार्थना तोंडातून निघायची नाही. पण आजूबाजूचे तीनशे लोक ती म्हणत होते, आणि ती माझ्यासाठीही चालू होती. हे ज्याने अनुभवलं नाही त्याला समजावणं कठीण आहे. एकट्याने ध्यान करा, ॲप डाउनलोड करा, जर्नल लिहा, हे सगळं तेव्हा मला डोंगराएवढं वाटत होतं, कारण सगळं मलाच करायचं होतं. मिस्सेत मला नुसतं हजर राहायचं होतं.

याला थोडा आकड्यांचा आधारही आहे. २०१६ मध्ये हार्वर्डच्या टायलर व्हँडरवील यांच्या गटाने अमेरिकेतल्या सुमारे ९० हजार नर्सेसचा अभ्यास प्रसिद्ध केला, १९९६ ते २०१० या काळातला. आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा प्रार्थनेला जाणाऱ्या बायकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांच्या साधारण एक पंचमांश आढळलं. लगेच उड्या मारू नका. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नसतं, हे आपण इंजिनियर लोकांनी तरी विसरू नये. शिवाय ज्याला खूप त्रास होतो तो घरातून बाहेरच पडत नाही, हाही मुद्दा आहे. पण त्या अभ्यासातला शब्द "प्रार्थनेला जाणं" हा आहे, "विश्वास किती" हा नाही. फ्रान्सच्या एमील दुर्खाइमने १८९७ मध्येच आत्महत्येवरच्या पुस्तकात मांडलं होतं की धर्म माणसाला वाचवतो तो मुख्यतः माणसांत बांधून ठेवून. माझा अनुभव त्याच बाजूचा आहे.

आणि बायबलमध्ये आनंदाची सक्तीही नाही. स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र काढून वाचा. बहुतेक दुःखी स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही. अंधाराशीच संपतं. कुणीतरी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी एवढं निराश लिहिलं, आणि लोकांनी ते काढून न टाकता प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. मला यात मोठा दिलासा वाटतो.

आता अवघड भाग. आत्महत्या. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत याची भीती दुहेरी होती, कारण १९१७च्या चर्चच्या कायद्याप्रमाणे जाणूनबुजून जीव देणाऱ्याला धार्मिक विधीने दफन नाकारलं जायचं. घरावर आधीच आभाळ कोसळलेलं, त्यात शेवटची प्रार्थनाही नाही. १९८३च्या नव्या कायद्यातून ती बंदी गेली. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तर स्पष्ट आहे की गंभीर मानसिक आजार, भीती, यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या तारणाबद्दल आशा सोडू नये, चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करतं. देशाचा कायदाही उशिरा का होईना, तिथेच पोचला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं, आणि १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा त्याला गुन्हेगार ठरवणारं जुनं ३०९ कलम इतिहासजमा झालं. रोम बदललं, दिल्ली बदलली. गल्लीतली कुजबुज तेवढी बदलायची आहे. "ठाण्याला पाठवा याला" हा विनोद अजून लोकलमध्ये चालतो.

नुसती टीका करून पळायचं नाही म्हणून आमच्या पॅरिशकडे, आणि खरं तर कुठल्याही देवळाकडे, मशिदीकडे, तीन मागण्या.

एक. वेदीवरून नाव घेऊन बोला. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (१२ राज्यांत झालं होतं, बंगळुरूच्या निम्हान्सने केलं) दर वीस प्रौढांत एकाला आयुष्यात कधीतरी डिप्रेशन आढळलं, आणि डिप्रेशनसारख्या नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांत सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना होते. हाच हिशेब लावला तर हजार प्रौढ ज्या मिस्सेला येतात तिथे पन्नास माणसं निघतील. त्यांनी एकदा तरी फादरच्या तोंडून ऐकू दे की हा आजार आहे, पाप नाही, आणि गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास नाही. माझ्यासारख्या शंभर जणांनी लिहून जे होणार नाही ते एका रविवारच्या प्रवचनाने होईल.

दोन. प्रार्थनागटांसाठी एक साधा नियम: प्रार्थना हवी तेवढी करा, कुणाच्याही औषधाला हात लावू नका. चर्चला हे काही नवं नाही. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये १९८१ साली फादर जो परेरा यांनी क्रिपा फाउंडेशन सुरू केलं, स्वतःच्या दारूच्या व्यसनाबद्दल उघड बोलून. तोवर दारुड्या म्हणजे पापी, एवढंच समीकरण होतं. त्यांनी तो आजार मानला, उपचार आणि योग दोन्ही आणले. दारूच्या बाबतीत जमलं ते इथे का जमू नये?

तीन. ऐकणारी माणसं तयार करा. लंडनमध्ये १९५३ साली चॅड वारा नावाच्या अँग्लिकन पाद्र्याने आत्महत्येचा विचार करणाऱ्यांसाठी फोन सुरू केला. लोक भेटायलाही येऊ लागले, गर्दी झाली, म्हणून थांबलेल्यांना चहा द्यायला साधे स्वयंसेवक बसवले. थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की त्या स्वयंसेवकांशी बोलूनच अनेकांचं ओझं हलकं होतंय, त्याला भेटायची गरजच उरत नाहीये. त्यातून समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. त्या माणसांनी चहा केला आणि सल्ला न देता ऐकलं, बास. आमच्या गावठाणात चहा आणि रिकामा वेळ असलेल्या मावश्या भरपूर आहेत. फक्त सल्ला न देण्याचं थोडं ट्रेनिंग लागेल. (हे काम कठीण आहे, कल्पना आहे मला.)

असो. लांबलं जरा. तुमच्या घरात, शेजारी, टीममध्ये कुणी असं गप्प झालेलं असेल तर त्याला आज लगेच प्रार्थना शिकवू नका आणि नास्तिकताही शिकवू नका. जेवलास का विचारा, झोप लागते का विचारा, डॉक्टरकडे जाताना सोबत येऊ का विचारा. रात्री-अपरात्री कुणीच सापडलं नाही तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, आपल्याला लागला नाही तरी दुसऱ्याला देता येतो.

आणि हो, माझा बोरिवलीचा मित्र. या वर्षी लेंटमध्ये काय सोडलंस असं मी त्याला विचारलं. म्हणाला, "वडापाव. गोळ्या नाही सोडणार आता, बायको मारेल."